आण्णांना घेऊन आमिश गावांत : लँकेस्टर काउंटीतला एक सोमवार

आई आणि आण्णा जुलैत आले इकडे, अमेरिकेत न्यू जर्सीतल्या एडिसनला. पहिले पंधरा दिवस नायगारा, न्यूयॉर्क, स्टॅच्यू ऑफ लिबर्टी सगळं झालं, फोटो गावाकडच्या ग्रुपवर टाकून झाले आणि मग आण्णांचं जे व्हायचं तेच झालं. सकाळी साडेपाचला उठायचं, चहा घ्यायचा, पार्किंगमध्ये चार फेऱ्या मारायच्या आणि खिडकीशी येऊन बसायचं. आमचं गाव निपाणीजवळ, त्यांचं सगळं आयुष्य तंबाखू, ज्वारी आणि थोडा ऊस ह्यात गेलं, आणि अशा माणसाला मी दोन महिने चौथ्या मजल्यावर ठेवलं होतं. एकदा खाली लॉन कापायला माणूस आला तर आण्णा तासभर बाल्कनीत उभे राहून नुसतं ते मशीन बघत होते. मला त्या दिवशी आतून तुटल्यासारखं झालं. म्हटलं आता ह्यांना शेती दाखवायचीच, बोटाला माती लागेल अशी.

पेन्सिल्व्हेनियातली लँकेस्टर काउंटी आमच्याकडून गाडीने दोन-सव्वादोन तास. आम्ही आधी एकदा गेलो होतो लेकाला घेऊन, पण तेव्हा शनिवार होता, प्रचंड गर्दी, स्ट्रासबर्गची वाफेच्या इंजिनाची ट्रेन, प्रेत्झेल, आइस्क्रीम आणि घरी परत, शेतं नुसती काचेतून बघितली. ह्या वेळी मी मुद्दाम सोमवार निवडला. रविवारी आमिश लोकांचं (घोडागाडी वापरणारा, जुन्या पद्धतीने राहणारा इथला ख्रिस्ती पंथ) सगळं बंद असतं, शनिवारी टुरिस्ट, आणि सोमवार हा त्यांचा धुण्याचा दिवस, शिवाय शाळा चालू, शेतात कामं चालू, म्हणजे गाव रोजच्यासारखं चाललेलं बघायला मिळणार. सप्टेंबरचा शेवटचा सोमवार होता. मी रजा टाकली, नवरा म्हणाला लेकाला शाळेतून मी आणतो, आईने पहाटे उठून चपात्या, झुणका आणि ठेचा बांधून घेतला आणि आम्ही तिघं साडेसहाला निघालो.

टर्नपाइकबद्दल सांगण्यासारखं काही नाही, ट्रक आणि टोल. मॉर्गनटाउनला, एक्झिट २९८ ला उतरलो आणि २३ नंबरचा रस्ता पश्चिमेकडे पकडला तेव्हा पावणेनऊ झाले होते आणि सगळ्या खोलगट भागात धुकं बसलेलं. ह्या दिवसांत झाडं अजून पूर्ण रंगलेली नसतात, ऑक्टोबरच्या मध्यावर जो लालभडक प्रकार होतो तो नाही, एखाद्या मेपलची एकच फांदी शेंदरी, कुंपणावरच्या वेली मात्र लाल झालेल्या आणि रस्त्याच्या कडेने गोल्डनरॉडची पिवळी फुलं. मला हेच दिवस जास्त आवडतात, कारण ऑक्टोबरात सगळे वर झाडांकडे बघत बसतात आणि आत्ता शेतं बघायची वेळ असते. मका वाळून तपकिरी झालेला, सोयाबीन पिवळं पडत चाललेलं आणि मधेच अल्फाल्फाचा (म्हणजे आपला लसूणघास) एकदम हिरवागार पट्टा. डोंगरउतारावर हे पट्टे असे आडवे आखलेले की पाणी माती घेऊन खाली जाऊ नये. आण्णा मॉर्गनटाउनपर्यंत गप्प होते. पहिला पट्टा दिसला आणि पुढे सरकून बसले.

चर्चटाउनच्या पुढे पूल फोर्ज नावाचा जुना छपराचा पूल आहे, कॉनेस्टोगा नदीवर. आता त्यावरून गाड्या जात नाहीत, चालत जाता येतं. लँकेस्टर काउंटीत असे लाकडी छपराचे पंचवीसच्या वर पूल अजून उभे आहेत. आतून एक मोठी लाकडी कमान, तिला तिरके वासे जोडलेले, थिओडोर बर नावाच्या माणसाने ही रचना काढली आणि १८१७ मध्ये तिचं पेटंट घेतलं. आण्णांनी विचारलं पुलाला छप्पर कशाला घातलंय, मी सांगितलं लाकूड पावसात-बर्फात कुजू नये म्हणून, छप्पर असलं की पूल शंभर-दीडशे वर्षं टिकतो. त्यांनी एका सांध्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, "सुतार चांगला हुता." तिथून थोड्याच अंतरावर वीव्हर्स मिलचा पूल आहे, त्यातून मात्र गाडी जाते, एका वेळी एकच. आत शिरल्यावर फळ्यांचा जो धडधड आवाज होतो ना, आईने घाबरून माझा खांदा धरला आणि बाहेर पडल्यावर म्हणाली परत एकदा जाऊया. मग परत एकदा गेलो.

पहिली घोडागाडी तिथंच भेटली. राखाडी रंगाची, चौकोनी, मागे केशरी त्रिकोण. लँकेस्टरच्या आमिश लोकांच्या बग्ग्या राखाडी असतात, काळी दिसली तर बहुतेक जुन्या वळणाचे मेनोनाइट (आमिशांसारखाच दुसरा पंथ), हे मला मागच्या वेळी कुणीतरी सांगितलेलं. घोडा ताशी दहा-बारा मैलांच्या पुढे जात नाही आणि रस्ता वळणावळणाचा, म्हणून मी जवळजवळ तीन मैल तिच्यामागून हळूहळू चालवत राहिले. हॉर्न वाजवायचा नाही हे पक्कं लक्षात ठेवा, घोडा बुजतो. आणि ओव्हरटेक करायचं तर पुढचं सगळं स्पष्ट दिसत असेल तेव्हाच, लांबून. पण मला घाईच नव्हती. बग्गीच्या मागच्या काचेतून दोन लहान मुली आमच्याकडे बघत होत्या, आई त्यांना हात करत होती, आणि काच खाली केली तर टापांचा आवाज, ओल्या गवताचा आणि शेणखताचा वास. आण्णा म्हणाले, "आत्ता कसं गावात आल्यागत वाटतंय."

न्यू हॉलंडच्या अलीकडे मी डावीकडे वळले, दक्षिणेला, आणि नकाशा बंद केला. ह्या भागात हरवण्यात काही नुकसान नाही, कुठलाही रस्ता फिरून शेवटी ३४० ला किंवा ३० ला लागतो. घरं सगळी पांढरी, मोठी, एकाला एक जोडत वाढवलेली, म्हातारी-म्हातारा शेजारच्या छोट्या भागात आणि मुलगा-सून मोठ्या घरात. घराकडे विजेची तार येत नाही, त्यावरून आमिश घर ओळखायचं. आणि धुणं! कप्पीवरची दोरी घरापासून पार धान्याच्या कोठाराच्या टोकापर्यंत उंच गेलेली आणि त्यावर जांभळे, निळे, हिरवे फ्रॉक, काळ्या विजारी, लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने. नक्षी कुठल्याच कपड्यावर नाही, सगळे एकरंगी. आईने एका दोरीवरून घरात मुलं किती ते मोजलं, सात निघाली.

एका ठिकाणी आण्णांनी गाडी थांबवायला लावली. शेताच्या कडेला उतरून मूठभर माती घेतली, चुरगळली, वास घेतला. "काळी न्हाई, पण कस हाय हिच्यात." मग इकडेतिकडे बघून म्हणाले, "हीर कुठं दिसंना. पाट न्हाई, पाइपलाइन न्हाई?" मी सांगितलं की इथं बहुतेक शेतीला पाणी द्यावंच लागत नाही, पाऊस बारा महिने थोडा थोडा पडतो आणि खाली चुनखडीचा दगड आहे म्हणून जमीन इतकी चांगली, ओलिताशिवाय पिकणाऱ्या जमिनीत लँकेस्टर काउंटी अख्ख्या अमेरिकेत पहिल्या ओळीत धरतात. आण्णा काही बोलले नाहीत. दुष्काळात टँकरच्या रांगेत उभं राहिलेल्या माणसाला हे ऐकून काय वाटत असेल ते मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं.

पुढच्याच शेतात मक्याची कापणी चालली होती, मुरघासासाठी, आणि तिथं आम्ही अर्धा तास थांबलो. सहा खेचरं एका ओळीत जुंपलेली. घोडा रस्त्यावरच्या बग्गीला, खेचर शेतातल्या कामाला, अशी इथली पद्धत. त्यांच्या मागे कापणीचं यंत्र, त्यावर वेगळं इंजिन बसवलेलं, म्हणजे कापायचं काम इंजिन करतं पण ओढायचं काम जनावर. गाड्या भरभरून कोठाराकडे जात होत्या आणि तिथं उंच सायलोला (मुरघास साठवायच्या टाकीला) लागून एक लोखंडी चाकांचा ट्रॅक्टर जागेवर उभा, त्याच्या जोरावर ब्लोअर मका वर फेकतोय. आण्णांना कळेना, म्हणाले, "ट्रॅक्टर हाय, मग शेतात का घालंनात?"

हा प्रश्न सगळ्यांना पडतो आणि लोक पटकन म्हणून मोकळे होतात की आमिश लोक जुनाट आहेत, मशीन त्यांना चालत नाही. तसं नाहीये. प्रत्येक नवी वस्तू आली की मंडळी बसून विचार करतात की हिने आपलं घर, शेजार, गाव ह्याचं काय होईल, आणि मग किती आत घ्यायची ते ठरतं. ह्या न लिहिलेल्या नियमांना ते 'ओर्डनुंग' म्हणतात. ट्रॅक्टर शेतात घातला की एकटा माणूस दोनशे एकर करू शकतो, मग तो शेजाऱ्याची जमीन घेणार, शेजारी गाव सोडणार, आणि उरलेल्याला कुणाची गरज लागणार नाही. म्हणून ट्रॅक्टर कोठारापाशी, शेतात खेचरं, आणि शेत साधारण ५०-६० एकरांचं, एका कुटुंबाला झेपेल एवढं. फोन घरात नाही पण रस्त्याकडेला छोट्या खोपटात, दोन-तीन घरांत मिळून. तारेची वीज नाही पण दूध थंड करायला डिझेल इंजिन आहे आणि दुधाची टाकी ढवळायला बॅटरी. दूधवाल्या कंपन्यांशी त्यांनी ठरवून घेतलं की रविवारी टँकर आणायचा नाही. मला ह्यात खूप शहाणपण दिसतं, कारण मी माझ्या घरात फोन कधी आत घ्यायचा हे कधी ठरवलंच नाही, तो आला आणि जेवणाच्या टेबलावर बसला.

त्या कोठारापाशी दहा-बारा माणसं होती, सगळ्यांच्या डोक्यावर वाळक्या गवताच्या हॅट, लग्न झालेल्यांना दाढी पण मिशी नाही, बिनलग्नाची पोरं तुळतुळीत. आण्णा मोजत होते. "एका घरची न्हवंत ही सगळी." बरोबर होतं, सायलो भरायला शेजारपाजारचे येतात, आज ह्याच्याकडे उद्या त्याच्याकडे. "मग पैराच की ह्यो," आण्णा म्हणाले आणि त्यांचा चेहरा असा उजळला की मी काय सांगू. आमच्याकडे पैरा म्हणतात, आज तू माझ्या रानात उद्या मी तुझ्या, मजुरी नाही, हिशोब डोक्यात. माझ्या लहानपणी होता, आता कुणी करत नाही, सगळं रोजगारावर. आणि कोठार जळालं तर शंभरेक माणसं येऊन एक-दोन दिवसांत नवं उभं करतात, बायका जेवण करतात, ती तर आपली इर्जिक झाली. विमा ते घेत नाहीत, सरकारी पेन्शनही नाही, १९६५ च्या कायद्याने स्वतःचा धंदा करणाऱ्या आमिश लोकांना सोशल सिक्युरिटीच्या कपातीतून सूट मिळाली, कारण त्यांचं म्हणणं की म्हातारं आणि आजारी माणूस सांभाळणं हे आमच्याच मंडळीचं काम.

आता मुख्य गोष्ट सांगते. एका वळणावर हाताने लिहिलेली पाटी दिसली, भोपळे, अंडी, रूट बिअर, रविवारी विक्री नाही. आईला भोपळा बघायचा होता म्हणून मी गाडी आत घेतली. टेबलावर भोपळे, शेवंतीच्या कुंड्या आणि पैसे टाकायला एक डबा, विकायला कुणी नाही, घ्या आणि टाका. मी आणि आई भोपळे बघतोय तोवर आण्णा सरळ चालत पलीकडच्या लाकडी शेडकडे निघाले. मी मागून हाका मारतेय आण्णा थांबा, दुसऱ्याचं घर आहे, तर ते वळलेच नाहीत, हात वर करून ओरडले, "अगं, तंबाखू हाय हितं! तंबाखू!"

मला वाचून माहीत होतं की लँकेस्टरला तंबाखू पिकतो, पण आण्णांना सांगायचं डोक्यातच आलं नव्हतं. शेडच्या भिंतीच्या काही उभ्या फळ्या दारासारख्या उघडलेल्या, वारा आरपार जावा म्हणून, आणि आत जमिनीपासून छपरापर्यंत मजल्यावर मजले तंबाखू टांगलेला. अख्खं झाड बुडातून कापून उलटं. वरच्या थरातली पानं तपकिरी, मधली पिवळी आणि अगदी खालची, शेवटी कापलेली, अजून हिरवट. सूर्याच्या तिरप्या पट्ट्या आत येत होत्या आणि तो वास. माझं सगळं लहानपण त्या वासात आहे. आमच्या सोप्यात तंबाखूच्या बोदांवर झोपून मी अभ्यास केलाय.

आतून एक म्हातारा आमिश शेतकरी आला, पांढरी दाढी, निळा शर्ट, खांद्यावरून पट्टे घेतलेली विजार. मी माफी मागायला लागले, सांगितलं हे माझे वडील, भारतात तंबाखूची शेती करतात, म्हणून राहवलं नाही त्यांना. तो म्हणाला असू दे, या. आणि मग पाऊण तास मी दुभाषी. मराठी, इंग्रजी, आणि तो मधेच शेडमधल्या नातवाला पेन्सिल्व्हेनिया डचमध्ये काहीतरी सांगायचा. ती भाषा नावाला डच, पण जर्मनचीच बोली आहे, घरात ती, प्रार्थनेत जर्मन आणि शाळेत इंग्रजी. आण्णांना हे लगेच समजलं, आमच्या भागात घरात मराठी आणि कचेरीत कानडी.

आण्णांनी दोन बोटांनी हवेतच शेंडा खुडून दाखवला. तो हसला, त्यानेही तसंच करून दाखवलं, आणि मग बगलफुटी मोडायची खूण. दोघांचंही तेच. त्याने सांगितलं रोपं जूनच्या सुमाराला लावायची, ऑगस्ट-सप्टेंबरला कापायची, कापून शेतात जरा सुकू द्यायची म्हणजे पान तुटत नाही, मग चार फुटांच्या पट्टीच्या टोकाला लोखंडी भाल्याचं पातं बसवून एकेका पट्टीत पाच-सहा बुडखे ओवायचे आणि शेडमध्ये टांगायचे. त्याने ते पातं आण्णांच्या हातात दिलं. आण्णांनी एक बुडखा ओवला, पहिल्यांदा वाकडा गेला, दुसऱ्यांदा बरोबर. मग सांगू लागले की आमच्याकडे टांगत नाहीत, तो विडीचा तंबाखू, कापून रानातच उन्हात वाळवतात. आणि विचारलं की वाळलेलं पान हाताळता कधी. तो म्हणाला हिवाळ्यात दमट दिवस बघून, कोरड्या हवेत पानाचा चुरा होतो. मी भाषांतर करायच्या आधीच त्याच्या बोटांच्या चुरगळण्यावरून आण्णांना कळलं, म्हणाले, "व्हय, पहाटंच्या दवात. पान मऊ पडल्याबिगर हात लावायचा न्हाई." मी हे सांगितलं तेव्हा त्या माणसाने आण्णांचा हात हातात घेतला आणि तळवा वर करून बघितला. तंबाखूच्या चिकाने बोटं कशी काळी होतात हे ज्यांना माहीत आहे त्यांनाच माहीत आहे.

तंबाखू वाईट हे मी जाणते. थोरले काका तोंडाच्या कॅन्सरने गेले, आण्णांनी त्या वर्षी खाणं सोडलं. आणि माझ्या इंजिनिअरिंगची फी तंबाखूच्या पैशांवर भरली गेली हेही तितकंच खरं, ह्या दोन गोष्टी माझ्या आत शेजारी शेजारी राहतात. तो शेतकरीही म्हणाला की पूर्वी इथं सगळेच लावायचे, आता कमी झालंय, आता भोपळे, भाजीपाला लिलावाला नेतात, कित्येक पोरं तर शेती सोडून सुतारकाम, बांधकाम करतात, कारण जमीन परवडत नाही. भावाचं विचारलं तर म्हणाला व्यापारी येऊन बघतो आणि सांगतो. आण्णा म्हणाले, "म्हंजे हितंबी तेच." १९८१ ला शरद जोशींचं तंबाखूचं आंदोलन निपाणीला झालं तेव्हा आण्णा महिनाभर हायवेवर बसले होते, आई घरून भाकऱ्या पाठवायची. ते सगळं मी त्या माणसाला थोडक्यात सांगितलं. त्याने मान हलवली, त्यांच्यात आंदोलन, कोर्टकचेरी, लढाई ह्यात पडत नाहीत, पण ऐकलं मात्र मन लावून.

तोवर आई परसात पोचली होती. त्याची बायको, पांढरी टोपी, निळा फ्रॉक, वर काळा एप्रन, अनवाणी. आईने मला हाक मारून विचारलं एवढी सेलरी कशाला लावलीय हिनं, ओळीच्या ओळी. मी विचारलं तर बाई नुसती हसली आणि भोपळ्यांविषयी बोलायला लागली. मग मला आठवलं. इथली आमिश लग्नं सुगी संपल्यावर होतात, ऑक्टोबरच्या शेवटापासून, मंगळवारी आणि गुरुवारी, तीन-चारशे माणसं जेवायला आणि जेवणात सेलरी भरपूर लागते. पण लग्न ठरल्याचं ऑक्टोबरात चर्चमध्ये जाहीर होईपर्यंत घरचे कुणाला सांगत नाहीत. परसात जास्त सेलरी दिसली की गाव काय ते समजतं. मी आईला गाडीत बसल्यावर सांगितलं. ती इतकी खूश झाली की जणू आमच्याच घरात लग्न निघालंय, म्हणाली आधी सांगायचंस, मी पोरीच्या हातावर काहीतरी ठेवलं असतं.

फोटो एकही काढला नाही त्या घरी. आमिश लोकांना चेहऱ्याचे फोटो नको असतात, त्यांच्या धर्मात ते बसत नाही, बाहुल्यांनासुद्धा बरेचदा नाक-डोळे करत नाहीत. मी रस्त्यावर बघितलं, लोक गाडी थांबवून बग्गीतल्या मुलांचे फोटो काढत होते, मला राग आला. कुणी आपल्या अंगणात येऊन असं केलं तर चालेल का आपल्याला.

दुपारी इंटरकोर्सला पोचलो, गावाचं नाव खरंच ते आहे, आधी क्रॉस कीज होतं, १८१४ ला बदललं. डबा खाल्ला आणि वर एका बेकरीतून शूफ्लाय पाय घेतला. पहिल्याच घासाला आण्णा म्हणाले, "काकवी हाय की ही." मोलॅसिस म्हणजे तीच, वर साखर-मैद्याचा भुगा. त्यांनी दोन तुकडे खाल्ले, डॉक्टरांना सांगू नका. आई क्विल्टच्या दुकानात अडकली. तिथल्या जुन्या पद्धतीच्या क्विल्टमध्ये मधे कोनावर उभा केलेला एक मोठा चौकोन, नाहीतर लहान लहान चौकोनांचे रंग आतून बाहेर उजळ-गडद होत जाणारे. आईने एक कोपरा उलटा करून मागचे टाके बघितले, बोटाने मोजले आणि म्हणाली, "वाकळ करतीया ती बाई, पर हात लई बारीक हाय तिचा." आमच्याकडे जुन्या लुगड्यांची वाकळ. किंमत बघून तिने हळूच घडी परत घातली, मग मी दुकानदारीणबाईंना विचारून तिला बसवलं आणि त्यांनी चौकट आणि सुया दाखवल्या. ती अर्धा तास तिथंच.

तीनच्या सुमाराला ३४० वरून बर्ड-इन-हँडकडे जाताना शाळा सुटली. एका खोलीची शाळा, पांढरी, वर घंटा, पुढे खेळायचं मैदान, आणि मुलं रांगेने रस्त्याच्या कडेने, काही चालत, काही स्कूटरवर, पायाने ढकलायच्या. सायकल इथले लोक सहसा वापरत नाहीत. आठवीपर्यंत शाळा, मग शेत किंवा कारागिरी. पुढे शिकायची सक्ती करता येणार नाही असा निकाल अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने १९७२ ला दिला. मला स्वतःला हे पटत नाही, विशेषतः मुलींसाठी, मी शिकले म्हणून आज ह्या गाडीच्या चाकामागे होते. पण ती मुलं एकमेकांचे डबे हातात घेऊन हसत चालली होती आणि सगळ्यात मोठी मुलगी सगळ्यात लहान मुलाचा हात धरून रस्ता ओलांडत होती.

तिथून थोडं दक्षिणेला निकल माइन्स आहे. तिकडे मी गाडी नेली नाही. २ ऑक्टोबर २००६ ला तिथल्या अशाच एका शाळेत एका माणसाने घुसून दहा मुलींवर गोळ्या झाडल्या, पाच गेल्या, मग स्वतःला मारून घेतलं. आणि त्याच दिवशी आमिश लोक त्या माणसाच्या घरी गेले, त्याच्या बायकोला सांगायला की आमच्या मनात तुमच्याबद्दल राग नाही. त्याच्या अंत्यविधीला आलेले कितीतरी लोक आमिश होते. ती शाळा त्यांनी काही दिवसांत पाडून टाकली, जागेवर गवत उगवू दिलं आणि जवळच दुसरी बांधली, न्यू होप नावाची. मी आई-आण्णांना हे सांगितलं तेव्हा गाडीत बराच वेळ कुणी बोललं नाही. मी दोन वर्षं झाली ह्या गोष्टीचा विचार करतेय आणि मला ते जमलं नसतं. मग आईने विचारलं, ह्या मुली घरी पोचल्या असतील ना आता.

आण्णांना त्यांचा इतिहास हवा होता, ही माणसं आली कुठनं. मी जेवढं माहीत तेवढं सांगितलं, की १५२५ ला झुरिचमध्ये काही लोकांनी ठरवलं की बाप्तिस्मा तान्ह्या मुलाला द्यायचा नाही, मोठ्या माणसाने समजून-उमजून घ्यायचा, त्यापायी त्यांना जाळलं, बुडवलं. त्यांच्यातल्याच याकोब अम्मान नावाच्या माणसाने १६९३ ला वेगळी वाट धरली, त्याच्या नावावरून आमिश. विल्यम पेनने पेन्सिल्व्हेनियात सगळ्या धर्मांना मोकळीक दिली म्हणून अठराव्या शतकात ते बोटीने इकडे आले. आता अमेरिका-कॅनडात मिळून सुमारे ४ लाख आहेत आणि युरोपात, जिथून निघाले तिथं, आमिश म्हणून कुणी उरलं नाही. "गाव सोडलं म्हणून गाव टिकलं," आण्णा म्हणाले आणि माझ्याकडे बघितलं. मी रस्त्याकडे बघत राहिले.

स्ट्रासबर्गला जाईपर्यंत पाच वाजत आले होते, ट्रेन लांबूनच बघितली, मक्याच्या वर पांढरी वाफ. ७४१ ने गॅपकडे निघालो तेव्हा ऊन असं सोनेरी आडवं पडलं होतं की प्रत्येक मक्याच्या ताटाची सावली रस्त्यावर. एक मुलगा सात-आठ वर्षांचा, चार खेचरं हाकत घरी चालला होता, एकटा, उभा राहून. आण्णांनी काच खाली केली आणि "हुर्रर्र" असा आपला बैलांना करतात तसा आवाज काढला. खेचरांनी कान हलवले. मुलगा हसला.

घरी पोचायला साडेआठ झाले. लेक भोपळा बघून नाचला. त्या शेतकऱ्याने निघताना आण्णांना एक वाळलेलं पान दिलं होतं, ते त्यांनी दिवसभर शर्टाच्या खिशात जपलेलं, ते काढून वर्तमानपत्रात ठेवलं. नऊ वाजता, म्हणजे तिकडे सकाळचे साडेसहा, धाकट्या काकांना फोन लावला. मला वाटलं पूल, घोडागाड्या हे सगळं सांगतील. "अरं, तंबाखू उलटा टांगत्यात हितं, अख्खं झाड," एवढं एकच सांगितलं आणि मग सरळ विचारलं, "वड्याकडच्या पट्टीत लावण झाली काय? मेलेल्या रोपांच्या जागी नवी लावलीस का न्हाई अजून?" आणि पुढची वीस मिनिटं खिडकीकडे पाठ करून, फोनमध्ये मोठमोठ्याने, तेच बोलत राहिले.